सहाचे दोन पाव

मुंदेतानं आपल्या वाफ्यांच्या दाराची फळी दोन्ही हातांनी वर ओढली आणि पाटात वाकून पाहिलं. तळच्या चिखलात एक बेडूक बसला होता. पाणी नव्हतं.

चर्चच्या मनोऱ्यावरून बारक्या घंटेचे दोन टोल नुकतेच पडून गेले होते. सहाचे दोन पाव झाले होते. बाहेरून आलेली माणसं त्याला साडेपाच म्हणत. तोरेसेक गावात मात्र पाचाचे टोल विरले की लोक सहाच्या तासात शिरत आणि तो पाव पाव करून भरत. एक पाव, दोन पाव, तीन पाव, मग सहा. पाटाच्या पाळ्याही पणजोबांच्या काळापासून त्याच बोलीत ठरलेल्या. बुधवारी सहाच्या दोन पावांपर्यंत पाणी बाल्दिरी फोनोलचं, तिथून पुढे सातापर्यंत मुंदेताचं.

हा ऑगस्टमधला तिसरा कोरडा बुधवार. टोमॅटोची पानं कडेनं वळली होती. मुंदेतानं एक पान बोटांत धरून सोडून दिलं, एप्रनला हात पुसले आणि थोडा वेळ वाट पाहून ती पाटाच्या बांधावरून वर चालू लागली. हाक मारायची नाही, खोकायचंसुद्धा नाही, हे तिनं घरून निघतानाच ठरवलं होतं.

पॉपलरच्या रांगेपाशी ती पोहोचली तेव्हा मोठी घंटा वाजू लागली. तिनं मोजले. सहा. समोर बाल्दिरीच्या घेवड्याच्या वाफ्यांत पाणी काठोकाठ चकाकत होतं. फळी वर, फावडं बांधात रोवलेलं, त्याच्या दांड्यावर टोपी, आणि मालकाचा पत्ता नाही. फळी खाली दाबायला तिला एक हात पुरला असता. पण मग पुरावा राहिला नसता. ती झाडाआड उभी राहिली. भरलेले वाफे किती, फळी किती बोटं वर आहे, टोपी कोणती, सगळं तिनं डोळ्यांनी टिपून घेतलं आणि आली तशीच परत गेली.

पाटकरी किर्झे सत्तरीचा होता. त्याच्या अंगणात जाऊन ती बोलायला लागली तेव्हा तो लसणाच्या जुड्या बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"गवत अडकलं असेल, पोरी."

"तीन बुधवार गवतच अडकतं? आणि ते नेमकं त्याचे वाफे भरल्यावर सुटतं?"

"बाल्दिरीला मी बोलतो."

"गेल्या आठवड्यातही बोलणारच होतात तुम्ही."

"यंदा सगळ्यांचीच बोंब आहे गं. दोन बादल्या इकडच्या तिकडे." किर्झेनं जुडीची गाठ दातांनी आवळली. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "चौकीवर जायचं डोक्यात असेल तर काढून टाक. यंदा पाणी चोरणाऱ्याला येइदाच्या तुरुंगात नेताहेत. तिथून माणूस परत येतो तो वेगळाच होऊन येतो. तुला मी सांगायला नको."

"नकाच सांगू," मुंदेता म्हणाली.

सांगायची गरज नव्हतीच. युद्ध संपलं त्या वसंतात जमीनदाराचं धान्याचं कोठार जळालं होतं. आग दिसली साताच्या दोन पावांना, म्हणजे सरकारी कागदात साडेसहाला. दुसऱ्या दिवशी मुंदेताच्या नवऱ्याला, एर्मेंगोलला, धरून नेलं. तो त्या संध्याकाळी खेचर घेऊन बालागेरच्या वाटेवर राहणाऱ्या मावशीकडे गेला होता. कोठाराजवळच्या पुलावरून पुढे चांगली तासाभराची वाट. आग लागली तेव्हा तो मावशीच्या ओट्यावर बसला होता, पण मावशीचं सांगणं घरचं म्हणून कुणी धरलं नाही. मग बाल्दिरी चौकीवर गेला. एर्मेंगोलचा लहानपणापासूनचा दोस्त. दोन दिवस तो आत राहिला आणि तिसऱ्या दिवशी बाहेर आला. एर्मेंगोल आला नाही.

खटल्याच्या सकाळी, वकील म्हणून नेमलेल्या एका तरुण अधिकाऱ्यानं मुंदेताला एक कागद उभ्या उभ्या वाचू दिला होता. ती नन्सच्या शाळेत शिकलेली, सरकारी भाषा तिला वाचता येत होती. "साडेसहाच्या सुमारास मी आरोपीला कोठाराजवळच्या पुलावर पाहिलं." खाली बाल्दिरीचा अंगठा. दुसऱ्या हिवाळ्यात एर्मेंगोल तुरुंगातल्या तापानं गेला.

त्या कागदाबद्दल तिनं कुणाला काही सांगितलं नाही. बाल्दिरीशी बोलणं तेवढं बंद केलं. सुरुवातीला तो दोनदा दाराशी येऊन उभा राहिला होता. तिनं आतून कडी लावून घेतली. मग तो यायचा थांबला, आणि तेही तिला कबुलीसारखंच वाटलं. अकरा वर्षं ती त्याच्यावर नजर ठेवून होती. त्याच्या अंगावर नवा कोट दिसला की पैसे कुठून आले, चर्चमध्ये तो पुढच्या बाकावर बसला की कुणाच्या सांगण्यावरून, कुणाला चौकीवर बोलावलं की त्याआधी बाल्दिरी कुठे होता. एवढ्या वर्षांत हाती काही लागलं नव्हतं. आता पाणी लागलं होतं.

गुरुवारी सकाळी ती चौकीच्या पायऱ्या चढली.

हवालदार कासिमिरो टेबलावर कागद पसरून कलिंगडाची फोड खात होता. दूर पश्चिमेकडच्या, कोरड्या मुलखातला माणूस. तोरेसेकात त्याला दोन वर्षं झाली होती. तिला पाहून त्यानं बिया तळहातात घेतल्या आणि खिडकीतून बाहेर टाकल्या.

"बोला. आणि बाई, माणसांच्या भाषेत बोला. तुमचं ते इथे चालत नाही."

"येते मला, साहेब."

आणि ती बोलली. शाळेत नन्सनी पट्टीनं पक्की करून घेतलेली ती भाषा अजून शाबूत होती. बाल्दिरी फोनोलचं नाव आलं, वाफे आले, फळी आली, टोपीसुद्धा आली. वेळ सांगताना मात्र तिच्या तोंडात घरचंच आलं. माझी पाळी सहाच्या दोन पावांना लागते, ती म्हणाली. शब्द सरकारी भाषेतले, बांधणी गावची. हवालदारानं मान डोलावली आणि टाक शाईत बुडवला. त्याचं अक्षर सुबक होतं. मुंदेता ते उलट्या बाजूनं पाहत राहिली. कागद भरत गेला. येत्या शनिवारी बाल्दिरीला हात बांधून चौकातून नेतील, त्याची बायको सिस्केता मागोमाग धावेल, आणि आपण पडद्यामागून पाहू, एवढं सगळं तिला दिसून गेलं.

हवालदारानं टाक ठेवला आणि वाचून दाखवायला सुरुवात केली. निम्म्यात तो थांबला. कपाळाला आठी घातली. पुन्हा वरून वाचलं.

"बाई, तुम्ही माझी थट्टा करताय का?"

"का हो, साहेब?"

"तुमची पाळी साडेसहाला. तुम्ही त्याच्या शेतात पाणी पाहिलं बरोबर सहाला. म्हणजे तुमची पाळी लागायला अर्धा तास होता. पाणी त्याचंच होतं की! मग गुन्हा कसला?"

"साडेसहा नाही. साडेपाच."

"साडेसहा म्हणालात. सहा आणि दोन पाव. माझ्या कानांनी ऐकलं."

"सहा आणि नाही, सहाचे. सहाचे दोन पाव म्हणजे..." ती बोलता बोलता थांबली.

बाहेर अंगणात कुणीतरी विहिरीचा रहाट फिरवत होतं. साखळीचा आवाज खाली खाली गेला.

"म्हणजे काय?" हवालदारानं विचारलं.

मुंदेतानं टेबलाची कड धरली. "साहेब, हे तुम्ही नेहमी असंच लिहिता?"

"मग कसं लिहिणार? माझ्या आधीच्या कारकुनानं शिकवलं. नऊ वर्षं होता तो इथे, अगदी पहिल्या दिवसापासून. म्हणाला, ही माणसं पाव पाव करत बसतात, तू डोकं चालवू नकोस. तास ऐकायचा, पाव ऐकायचे, बेरीज करायची आणि लिहून टाकायचं." तो हसला. "आजवर कुणाची तक्रार आली नाही."

"कोण करणार," मुंदेता म्हणाली. ते ती गावच्या भाषेत म्हणाली, पण त्यानं टोकलं नाही. त्याचं लक्ष तिच्या हातांकडे होतं.

"बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

"नको."

"हे बघा, मला कलिंगड संपवायचंय. चूक असेल तर सरळ करू. साडेपाच लिहितो, म्हणजे सगळं जुळतं आणि शनिवारी आमची गाडी येइदाला जातेच आहे." त्यानं टाक पुन्हा बुडवला आणि टोकाचा थेंब दौतीच्या काठाला निथळू दिला. "साडेपाच ना?"

टाक कागदापासून बोटभर वर थांबला होता. मुंदेता त्या टोकाकडे पाहत राहिली.

"नको, साहेब. तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे."

"साडेसहा?"

"साडेसहा."

"म्हणजे तो त्याच्याच पाळीत पाणी घेत होता."

"हो."

"मग तुम्ही इथे कशाला आलात?"

"वय झालं. टोल नीट मोजता येत नाहीत."

हवालदारानं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. काहीतरी आपल्या हातून निसटतंय असं त्याला वाटत असावं, पण ते काय हे कळत नव्हतं. शेवटी त्यानं कागदावर तिरकी रेघ मारली, तक्रारीत तथ्य नाही असं खाली लिहिलं आणि तिच्यापुढे सरकवला. तिनं सही केली. पायऱ्या उतरताना तिच्या पाठीमागून त्याचा आवाज आला, "आणि पुन्हा आलात तर तुम्हालाच आत बसवीन!"

ती घरी गेली नाही. चौकातल्या कारंज्यापाशी उभी राहून तिनं तोंडावर पाणी मारलं. दोन बायका कपडे पिळता पिळता बोलायच्या थांबल्या. मुंदेताला वाटलं, यांना ठाऊक असेल का? मग वाटलं, कुणाला ठाऊक असणार, बाल्दिरीचा तो कागद तर आपण एकटीनंच वाचला होता. आणि तरीही तिच्या डोक्यातली जुनी खोड जाईना. बाल्दिरीनं खरंच सहाचे दोन पाव सांगितले होते, हे कशावरून? त्यानं साडेसहाच सांगितलं असेल. दोन दिवसांत सुटला होता तो.

ती शेताकडे आली तेव्हा बाल्दिरी पाटाच्या बांधावर बसला होता. अंगात धुतलेला पांढरा सदरा, पायांत रविवारचे बूट, केस ओले करून मागे वळवलेले. शेजारी निळ्या चौकटीच्या रुमालाची पुरचुंडी. भर उन्हात असा सजून बसलेला शेतकरी पाहून तिची पावलं मंदावली.

तिला पाहून तो उठला.

"कधी येताहेत?"

"कोण?"

"तू चौकीत शिरताना सिस्केतानं पाहिलं. म्हटलं, घरातून ओढून नेण्यापेक्षा इथूनच नेऊ देत. तिच्यादेखत नको." त्यानं पाटाकडे हात केला. "घेतलं मी पाणी. तीनही बुधवार. घेवडा जळत होता. पुढच्या वेळी तुला जास्त सोडू असं म्हणायचो, आणि पुढच्या वेळी पुन्हा घेवडाच दिसायचा."

"कुणी येत नाहीये."

"कसं काय?"

"नाही येत म्हटलं ना. बस."

तो बसला नाही. ती खरं सांगतेय की त्याला इथेच थांबवून ठेवतेय, हे तो तिच्या चेहऱ्यावर शोधत होता. मुंदेताला ती नजर ओळखीची वाटली. चर्चमध्ये तीन बाकं मागून ती अशीच पाहत असे.

"एक विचारते," ती म्हणाली. "त्या दिवशी एर्मेंगोल तुला पुलावर भेटला. किती वाजले होते?"

अकरा वर्षांनंतरचं हे पहिलंच विचारणं. पण बाल्दिरीला आठवायला क्षणही लागला नाही.

"सहाचे दोन पाव. खेचर पुलावर चढेना. एर्मेंगोल म्हणाला, पाद्र्याकडून घेतलंय, घंटा झाल्याशिवाय पाऊल टाकत नाही. तेवढ्यात वरून दोन टोल पडले आणि ते खरंच चालायला लागलं. आम्ही दोघं हसून हसून..." त्यानं नाक पुसलं. "मग तो गेला."

दोन टोल तर साताच्या दोन पावांनाही पडतात, मुंदेताच्या मनात आलं. ते तिच्या तोंडूनही निघून गेलं.

"सहाचेच? साताचे नसतील?"

"साताच्या दोन पावांना कोठार पेटलं होतं, मुंदेता. पुलावर उभे राहून आम्ही हसलो असतो का?"

पाटाच्या पलीकडे एक टिटवी ओरडत गेली. मुंदेता बांधावर बसली.

"तेच सांगायला मी गेलो होतो," बाल्दिरी म्हणाला. "वाटलं, एवढं सांगितलं की सुटलाच. आपण होऊन आलो म्हणून त्यांनी मलाच ठेवून घेतलं. कुणी पाठवलं, काय मिळणार तुला, हेच विचारत होते. बदलायला लावत होते की काय, देव जाणे. पण मी हललो नाही. दहादा विचारलं, दहादा तेच सांगितलं. सहाचे दोन पाव."

"वाचून दाखवलं तुला?"

"दाखवलं की. त्यांच्या भाषेत, घाईघाईत. मला काय कळणार? पण मी कान देऊन होतो. त्यात सहा ऐकू आलं. म्हटलं, सहा लिहिलेत, ठीक आहे, आणि अंगठा दिला."

मुंदेतानं हाताला लागलेला वाळका चिखल नखानं खरवडायला घेतला.

बाल्दिरी आता तिच्यापासून थोड्या अंतरावर बसला. बुटांना माती लागू नये म्हणून त्यानं पाय गवतावर ठेवले.

"मग त्यांनी माझं धरलं का नाही? खटल्याच्या दिवशी घरच्यांशिवाय आत कुणाला सोडत नव्हते, मी दिवसभर बाहेर उभा होतो. तुला विचारायला दोनदा आलो. तू कडी लावलीस. मला वाटलं, आणखी काहीतरी सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही, म्हणून तुझा राग आहे. रात्ररात्र आठवत बसायचो, आणखी काय सांगता आलं असतं." तो थांबला. "तू होतीस आत. माझा कागद वाचला का त्यांनी?"

साडेसहा हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. अकरा वर्षं तो तिथेच होता. बाल्दिरीचे दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे पडले होते. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं.

"नाही वाचला," मुंदेता म्हणाली.

"नाही?"

"कोर्टापुढे आलाच नाही. कुठेतरी हरवला म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्या वकिलानं."

"काय नाव त्याचं?"

"आता कुठे आठवतंय."

बाल्दिरी तिच्याकडे पाहत राहिला. तिनं नजर पाटाच्या तळाशी लावली. खाली चिखलात उन्हाच्या भेगा पडायला लागल्या होत्या.

"हरवला," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं पुन्हा, अगदी हळू, "हरवला होय."

त्यानं पुरचुंडी मांडीवर घेतली आणि गाठ सोडली. आत पावाची अर्धी लादी होती, सॉसेजचा तुकडा होता आणि लोकरीचे मोजे. ऑगस्टमध्येच त्यानं तुरुंगातल्या हिवाळ्याची तयारी बांधून आणली होती. त्यानं मोजे बाजूला ठेवले, चाकूनं पाव कापला, सॉसेजचे काप वर ठेवले आणि मोठा तुकडा तिच्यापुढे धरला.

"मग चौकीवर काय सांगितलंस?"

"सांगितलं, मला टोल मोजता येत नाहीत."

"तुला?" बाल्दिरीच्या गळ्यातून हसण्यासारखा आवाज आला. "आणि त्यांनी ऐकून घेतलं?"

"लिहूनसुद्धा घेतलं. खा आता."

तिनं पावाचा घास तोडला. तो शिळा होता, लवकर गिळवत नव्हता. बाल्दिरीनं त्याचा तुकडा अजून तोंडाला लावला नव्हता. तो तिच्याकडे पाहतोय, हे मान न वळवताही तिला कळत होतं. ती सावकाश चावत राहिली.